वाचकांचे प्रश्न : मायक्रोस्कोपात दिसत नाही, म्हणजे नेमकं काय बिघडलं?

या महिन्यात मायक्रोस्कोपबद्दल एवढी पत्रं आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं वाचताना एक गोष्ट खटकली. तक्रार बहुतेकांची लेन्सबद्दल आहे, आणि दोष मात्र बहुतेक ठिकाणी स्टेजच्या (स्लाईड ठेवायच्या चौथऱ्याच्या) खाली आहे, जिथं कुणाचा हात सहसा जात नाही. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

नववीची मुलं आकृतीतल्या भागांची नावं घडाघडा म्हणतात. पण "कंडेन्सर नसता तर काय झालं असतं?" विचारलं की वर्ग गप्प. भाग शिकवायचे कोणत्या क्रमानं? (विज्ञान शिक्षिका, फोंडा तालुका)

बाई, पुस्तकातली आकृती आपण आयपीसपासून (डोळ्याजवळच्या भिंगापासून) खाली वाचत येतो. प्रकाश मात्र खालून वर चढतो. त्याच्याच वाटेनं चला, म्हणजे प्रत्येक भागाचं काम आपोआप कळतं.

सुरुवात आरशापासून किंवा दिव्यापासून. आरशाला दोन बाजू असतात, एक सपाट आणि एक अंतर्वक्र. कंडेन्सर (स्टेजखालची प्रकाश गोळा करणारी भिंगं) असलेल्या मायक्रोस्कोपला सपाट बाजू लावायची, कारण कंडेन्सर समांतर येणाऱ्या किरणांसाठी घडवलेला असतो. अंतर्वक्र आरसा किरण आधीच गोळा करतो, मग कंडेन्सरचा हिशेब चुकतो. कंडेन्सर नसलेल्या साध्या शालेय मायक्रोस्कोपला अंतर्वक्र बाजू योग्य. आरसा मोकळ्या आकाशाकडे वळवा, सूर्याकडे कधीच नाही. आरशातून आलेलं थेट ऊन डोळ्याला कायमची इजा करतं, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगा. पावसाळ्यातलं ढगाळ पांढरं आकाश या कामाला फार छान. जुन्या घरात शिंपल्यांच्या झडपांची खिडकी असेल तर तिच्यातून येणारा उजेडही तसाच मऊ, सगळीकडून सारखा मिळतो.

एक नेहमीचा गोंधळ: स्लाईडवर खिडकीचे गज किंवा माडाची झावळं दिसतात. हा बिघाड नाही. कंडेन्सरनं बाहेरच्या दृश्याची प्रतिमा बरोबर स्लाईडवर आणून ठेवलेली असते. कंडेन्सर किंचित खाली घेतला की गज विरघळून जातात.

पुढचा भाग डायफ्रॅम, म्हणजे कंडेन्सरखालचं लहान-मोठं करता येणारं भोक, आणि गैरसमज सगळ्यात जास्त याच्याबद्दल. तो प्रकाशाचा नळ आहे असं समजून उजेड जास्त वाटला की मुलं (आणि मोठेही) डायफ्रॅम मिटतात. उजेड कमी-जास्त करायला दिव्याचं बटण आहे. आरसा असेल तर खाली ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा. डायफ्रॅम ठरवतो तो स्लाईडवर पडणाऱ्या प्रकाशाच्या शंकूचा कोन. शंकू रुंद असेल तर बारीक तपशील सुटे दिसतात, पण रंग न दिलेली पारदर्शक पेशी फिकट पडते. शंकू अरुंद केला की कडा ठळक होतात, पण त्या खोट्या ठळक असतात. प्रत्येक कणाभोवती काळी-पांढरी किनार येते आणि जवळजवळचे दोन ठिपके एकच दिसू लागतात.

मग किती उघडायचा? स्लाईड फोकस करा, आयपीस काढा आणि नळीतून थेट खाली पाहा. ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) मागच्या बाजूला प्रकाशाची एक चकती दिसेल. तिचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग उजळलेला राहील इतका डायफ्रॅम उघडा आणि आयपीस परत बसवा. ऑब्जेक्टिव्ह बदलला की हे पुन्हा करावं लागतं. सवय झाली की पाच सेकंदांचं काम आहे.

कंडेन्सर म्हणजे डायफ्रॅमच्या वरची भिंगं. दिव्याचा किंवा आकाशाचा प्रकाश गोळा करून तो नेमका नमुन्यावर टेकवणं हे त्याचं काम. तो नसता तर ४० पॉवरला चित्र अंधूक आणि खरखरीत आलं असतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. जागा: ४०× आणि १००× साठी जवळजवळ पूर्ण वर, स्लाईडच्या तळापासून एक-दोन मिलिमीटर खाली. ४× साठी खाली, नाहीतर मधोमध उजेडाचं वर्तुळ आणि कडेला अंधार दिसतो. शाळांमधले पुष्कळ मायक्रोस्कोप असे आहेत की कुणीतरी कंडेन्सर तळाला नेऊन ठेवला आणि तो वर्षानुवर्षं तिथंच राहिला.

स्टेज आणि क्लिपांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. नमुना स्थिर धरायचा, एवढंच.

ऑब्जेक्टिव्ह हा खरा जीव. त्याच्या अंगावरचा मजकूर मुलांना वाचायला लावा. ४०/०.६५ आणि खाली १६०/०.१७ असं लिहिलेलं असतं. ४० म्हणजे किती पट मोठं, हे सगळ्यांना माहीत असतं. ०.६५ हे न्यूमेरिकल अॅपर्चर, म्हणजे नमुन्याकडून येणारा प्रकाश किती रुंद कोनातून आत घेतला जातो त्याचं माप. १६० ही नळीची लांबी मिलिमीटरमध्ये. ०.१७ ही ज्या कव्हरस्लिपसाठी (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेसाठी) भिंग घडवलं तिची जाडी, तीही मिलिमीटरमध्ये.

किती बारीक दिसेल हे पॉवर ठरवत नाही, तो ०.६५ ठरवतो. प्रकाशाच्या तरंगलांबीला ०.६१ ने गुणून या आकड्यानं भागलं की जेमतेम वेगळे दिसतील अशा दोन बिंदूंमधलं अंतर मिळतं. हिरवा प्रकाश (०.५५ मायक्रोमीटर) धरला तर ४×/०.१० ला ३.४ मायक्रोमीटर, १०×/०.२५ ला १.३, ४०×/०.६५ ला ०.५ आणि १००×/१.२५ ला सुमारे ०.२७. यापेक्षा जवळचे बिंदू कितीही मोठे करा, एकच डाग मोठा होईल.

रंगाचे पट्टेही उपयोगी असतात. प्रचलित पद्धतीत ४× ला लाल, १०× ला पिवळा, ४०× ला फिकट निळा, १००× ला पांढरा, आणि तेलाच्या भिंगाला टोकाजवळ आणखी एक काळं कडं. मुलांना "निळ्या पट्ट्याचा फिरवा" म्हटलं तर चुका कमी होतात. फिरवताना ऑब्जेक्टिव्हला धरून फिरवू नये. नोजपीसची (ऑब्जेक्टिव्ह बसवलेल्या फिरत्या चकतीची) खरबरीत कडा धरावी आणि 'टक' असा बारीक आवाज होईपर्यंत न्यावी. टक झालं नाही तर अर्धं वर्तुळ काळं दिसतं.

राहिला आयपीस. ऑब्जेक्टिव्हनं नळीत तयार केलेली उलटी प्रतिमा तो हातातल्या भिंगासारखी मोठी करून दाखवतो. हे पटवायला वर्तमानपत्रातलं 'ग' हे अक्षर कापून स्लाईडवर ठेवा. ते उलटं दिसेल आणि डावं-उजवंही बदललेलं असेल. स्लाईड डावीकडे सरकवली की अक्षर उजवीकडे पळतं. हा एक प्रयोग झाला की स्लाईड कुठल्या दिशेला सरकवायची, हा गोंधळ वर्षभर होत नाही.

१० पॉवरला कांद्याच्या पेशी स्वच्छ दिसतात. ४० फिरवला की नुसतं धुकं. फाईन नॉब (बारीक फोकसचा) कितीही फिरवला तरी फोकस येत नाही. ऑब्जेक्टिव्ह खराब झालाय का? (अकरावीचा विद्यार्थी, म्हापसा)

आधी स्लाईड काढून बघ, कव्हरस्लिप वरच्या बाजूला आहे ना. हसू नकोस, या तक्रारीचं पहिलं कारण उलटी ठेवलेली स्लाईडच असतं. ४० च्या भिंगाला फोकससाठी नमुन्यापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते आणि स्लाईडची काच असते एक मिलिमीटरहून जाड. स्लाईड उलटी असेल तर भिंग काचेला टेकतं, पण नमुन्यापर्यंत पोचत नाही. १० च्या भिंगाला बरीच मोकळी जागा असते, म्हणून तिथं काहीच कळत नाही.

स्लाईड सुलटी असेल तर पुढची शंका कव्हरस्लिपची. नव्या डबीतल्या काचा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि दोन एकदम बसतात. डबीवर १.५ नंबर असेल तर जाडी ०.१६ ते ०.१९ मिलिमीटर, भिंगाला हवी तशी. १ नंबरही (०.१३ ते ०.१६) चालतो. दोन चिकटल्या की ०.३ च्या पुढे गेलं, मग चित्र दुधाळ होणारच.

तिसरं कारण पाणी. कांद्याचा पापुद्रा दुमडलेला असेल किंवा खाली पाण्याचं तळं झालं असेल तर कव्हरस्लिप उंच तरंगते. टिपकागदाचा कोपरा कडेला लावून जास्तीचं पाणी ओढून घे.

चौथं कारण तुझ्या हातचं नाही. आधीच्या बॅचनं १०० च्या भिंगासाठी घातलेल्या तेलातून ४० चं भिंग फिरवलं असेल तर त्याच्या तोंडावर तेल वाळलेलं असतं. सरांना दाखव, स्वतः रुमालानं पुसू नकोस.

आणि ४० लावल्यावर कोर्स नॉबला (ढोबळ फोकसच्या मोठ्या नॉबला) हात नाही. आधी १० वर नीट फोकस, मग ४०, मग फाईन नॉब अर्धा-पाऊण वेढा. एवढ्यात चित्र यायलाच हवं, कारण ऑब्जेक्टिव्ह तसेच जुळवलेले असतात. फाईन नॉब वेढ्यामागून वेढे फिरवावा लागत असेल तर वरच्या चार कारणांपैकी एक नक्की आहे. फिरवत राहिलास तर नॉब शेवटाला जाऊन अडकेल.

१०० पॉवरला मलेरियाची स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) धूसर दिसते. इमर्शन ऑइल संपल्यावर कुणी ग्लिसरीन, कुणी खोबरेल घालतात. चालतं का? (लॅब टेक्निशियन, मडगाव)

आधी तेल का, ते बघू. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, हवेचा १. स्लाईडमधून तिरपे निघालेले किरण हवेत शिरताना बाहेर वळतात आणि सुमारे ४१ अंशांपेक्षा जास्त तिरपे असले तर काचेतच परत फिरतात. बारीक तपशील नेमके याच किरणांत असतात. १.५१५ चं तेल मध्ये आलं की काच जणू भिंगापर्यंत सलग होते आणि किरण सरळ आत जातात. ग्लिसरीन १.४७, खोबरेल साधारण १.४५, पाणी १.३३. म्हणजे खोबरेल घातलं तर कोरड्यापेक्षा बरं दिसेल, पण भिंगाची सगळी ताकद मिळणार नाही. परजीवीच्या रंगकणाचा तपशील बघून निदान द्यायचं असेल तर ही तडजोड करू नये. शिवाय खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. एसी लावलेल्या लॅबमध्ये ते भिंगावर मेणासारखं बसेल. जुनं सिडरवूड तेल आकड्यात बरोबर असतं, पण वाळून टणक होतं. कृत्रिम इमर्शन ऑइल घ्या, एका स्लाईडला एक थेंब पुरतो.

आता धूसरपणाबद्दल. पहिली शंका कंडेन्सरची: तो पूर्ण वर आणि डायफ्रॅम जवळजवळ उघडा आहे का? ४०× च्या सवयीनं डायफ्रॅम अर्धा मिटलेला असतो आणि १.२५ च्या भिंगाची सगळी ताकद मिळत नाही. दुसरी शंका बुडबुड्याची. थेंब बाटलीतून उंचावरून सोडला की हवा अडकते. आयपीस काढून नळीत पाहिलं तर बुडबुडा काळं वर्तुळ होऊन फिरताना दिसतो. भिंग थोडं बाजूला नेऊन परत आणा, नाहीतर तेल पुसून नवा थेंब घाला.

क्रम असा ठेवा: १० किंवा ४० वर जागा शोधा, नोजपीस दोन भिंगांच्या मधोमध थांबवा, उजेडाच्या ठिपक्यावर तेलाचा थेंब ठेवा, १०० चं भिंग थेट त्यात फिरवा. पुढे फक्त फाईन नॉब. परत जाताना ४० वरून जायचं नाही, उलट बाजूनं ४ कडे फिरवा.

कव्हरस्लिप न लावलेली स्मिअर ४०× ला थोडी धुरकट दिसणारच, कारण ते भिंग ०.१७ मिलिमीटर काच गृहीत धरून बनवलेलं आहे. तेलाचा बारीक थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवा, फरक लगेच दिसेल. १००× ला ती अडचण नाही, तेल आणि काच तिथं एकच.

आणि सगळी स्मिअर गुलाबी किंवा सगळी निळसर दिसत असेल तर भिंगाला दोष देऊ नका. गिम्साचं (स्मिअर रंगवायच्या रंगाचं) पाणी पीएच ७.२ च्या आसपास हवं. आम्ल झालं तर गुलाबी झाक, अल्कधर्मी झालं तर निळी. व्हायवॅक्स मलेरियात तांबड्या पेशीवर दिसणारे शुफनरचे ठिपके तर पीएच चुकला की उठतच नाहीत. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यावर भरवसा न ठेवता बफर बनवा.

काम संपल्यावर आधी कोरड्या लेन्स पेपरनं तेल टिपा, घासू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जेमतेम ओलसर केलेल्या पेपरनं एकदा, परत कोरड्यानं एकदा. झायलीन रोज वापरलं तर भिंग चिकटवणारा डिंक सैल करतं. हँड सॅनिटायझर मुळीच नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर काचेवर राहतो.

दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपात मला दोन वर्तुळं दिसतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, वास्को)

दोन्ही नळ्या जवळ-लांब करा, वर्तुळं एकमेकांवर येऊन एकच होईपर्यंत. तो आकडा वहीत लिहून ठेवा, तुमच्यासाठी तो बदलत नाही. मग डावा डोळा झाकून उजव्या डोळ्यानं फाईन नॉब वापरून फोकस करा. नंतर उजवा झाका आणि नॉबला हात न लावता डाव्या आयपीसवरचं कडं फिरवून फोकस करा. डोळा आयपीसला टेकवू नका, एक-दीड सेंटिमीटर वर ठेवा. फक्त जवळच्या किंवा दूरच्या नंबरचा चष्मा असेल तर काढला तरी चालतो. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा हवाच.

जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोप लाकडी पेटीत बंद ठेवतो. चवथीच्या सुट्टीनंतर उघडलं की भिंगांवर जाळी. दरवर्षी तेच. (प्रयोगशाळा सहायक, डिचोली)

ती बुरशी आहे, आणि पेटी तिला सांभाळते आहे. लाकूड पावसाळ्यात ओल पितं आणि बंद पेटीत तीच ओल परत सोडतं. वरून प्लास्टिकची पिशवी घातली असेल तर आणखी वाईट. बुरशीला भिंगावरचं बोटांचं तेल, धूळ आणि दमट हवा एवढंच पुरतं. ती वाढताना जे आम्ल सोडते ते काचेवरचं आवरण खातं. म्हणून जाळी पुसली तरी कधीकधी तिची नक्षी काचेवर कायमची राहते.

उपाय दोन, तुमच्याकडे जे जमेल ते.

पहिला, उबदार कपाट. दोन-चार मायक्रोस्कोप मावतील असं कपाट घ्या. खाली आणि वर थोडी भोकं पाडा आणि तळाशी ४० वॅटचा जुना, तारेचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवा. एलईडी चालणार नाही, इथं उजेड नको, ऊब हवी. दिव्याभोवती जाळी लावा आणि मायक्रोस्कोप त्याच्यापासून हातभर लांब ठेवा. आतलं तापमान खोलीपेक्षा ५ अंशांनी जास्त राहिलं तरी पुष्कळ होतं. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३२ अंशांना तापल्यावर आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते.

वीज वरचेवर जात असेल तर दुसरा उपाय: घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. ४० लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत पाणी असतं जेमतेम एक ग्रॅम. १०० ग्रॅम कोरडं जेल २० ग्रॅमच्या आसपास पाणी धरतं. मग ते आठवड्यात का ओलं होतं? कारण डबा रोज उघडला जातो आणि नवी हवा आत येते. म्हणून सुट्टीत डबा उघडूच नका. जेल पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. त्याची भुकटी दातेरी चाकांत गेली तर नॉब कुरकुरतात. शाळेसाठी नारिंगी जेल घ्या. निळ्यातलं कोबाल्ट क्लोराईड विषारी आहे. नारिंगी हिरवं झालं की पसरट ताटात पातळ थर करून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, परत नारिंगी होतं. त्याहून जास्त तापवलं तर रंग दाखवण्याचा गुण जातो.

नोजपीसचं रिकामं भोक किंवा आयपीसची नळी उघडी ठेवू नका. टोपी नसेल तर जुना आयपीस बसवून ठेवा. सगळ्यात बिकट बुरशी दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपच्या डोक्यातल्या प्रिझमवर चढते आणि ती घरी निघत नाही.

आता आहे ती जाळी. ऑब्जेक्टिव्ह काढा, आयपीस उलटा धरून त्याचं भिंग करा आणि तोंडाची व पाठीची काच तपासा. जाळी बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग लेन्स पेपर किंचित ओला करून मधून बाहेर, गोल गोल पुसा. आतल्या काचेवर असेल तर थांबा. ऑब्जेक्टिव्हचे स्क्रू उघडू नका. भिंगांमधली अंतरं केसाएवढी जुळवलेली असतात, एकदा हलली की ते भिंग फक्त दाखवण्यापुरतं उरतं. ते दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

काळे ठिपके दिसतात, भिंगं पुसली तरी जात नाहीत. (वाचक, सांगे)

पुसण्याआधी ठिपका कुठं आहे ते शोधा. आयपीस बोटांनी गोल फिरवा: ठिपका सोबत फिरला तर आयपीसवर. स्लाईड सरकवा: सरकला तर स्लाईडवर. कंडेन्सर वर-खाली करा: फिका-गडद झाला तर कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर. ऑब्जेक्टिव्हवरची घाण ठिपका म्हणून सहसा दिसतच नाही. ती सगळं चित्र धुरकट करते, आणि ते फक्त त्या एका भिंगालाच होतं.

नातीला वाढदिवसाला मायक्रोस्कोप द्यायचा आहे. ती दहा वर्षांची. '१६००×' लिहिलेला एक दिसतो, घ्यावा का? (काणकोण)

नको. १०० च्या भिंगाला १६ चा आयपीस लावला की १६०० होतात, पण उपयोगी मोठेपणा न्यूमेरिकल अॅपर्चरच्या ५०० ते १००० पटींपुरताच असतो. १.२५ च्या भिंगाला १२५० च्या पुढचं सगळं रिकामं. प्लास्टिकच्या भिंगांवर तर १.२५ हा आकडाही नसतो.

दहा वर्षांच्या मुलीला खरं म्हणजे २० पॉवरचा स्टिरिओ मायक्रोस्कोप द्या. त्यात स्लाईड बनवावी लागत नाही, चित्र सुलटं आणि खोली असलेलं दिसतं. पाळोळ्याची वाळू, मुंगी, जास्वंदीचा परागकोश, नाण्यावरचे ओरखडे, तिला आठवडाभर पुरतील. संयुक्त मायक्रोस्कोपच हवा असेल तर चार गोष्टी पाहा: ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ लिहिलेलं, काढता येणारं आणि २०.३२ मिलिमीटरच्या ठरावीक आट्यांचं, डायफ्रॅमसह कंडेन्सर, वेगळा फाईन नॉब, धातूचं अंग. १०० चं भिंग नसलं तरी काही अडत नाही. आरशाचा घेतलात तर तो सूर्याकडे वळणार नाही यावर मोठ्या माणसाचं लक्ष हवं.

खाजन शेतातल्या मानशीजवळचं (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराजवळचं) पाणी आणून पाहिलं. जीव काही मिनिटांत फुटतात. आणि रात्री समुद्र चमकतो तेव्हाचं पाणी बघायचं असेल तर किती पॉवर? (महाविद्यालयीन विद्यार्थी, तिसवाडी)

स्लाईडवर नळाचं पाणी घातलं असणार. मानशीचं पाणी खारट-मचूळ, त्यातल्या जीवांच्या आत क्षार. गोड पाण्यात ते पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. पातळ करायचं असेल तर त्याच जागचं पाणी गाळून वापरा. कोरडं पडू लागलं तर मात्र उलट होतं: वाफ होऊन खारटपणा वाढतो आणि जीव आक्रसतात. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीनची बारीक रेघ ओढा, तासभर तरी टिकेल.

समुद्र चमकवणाऱ्या जीवांपैकी नॉक्टिल्युका एकपेशी असूनही ०.२ ते २ मिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याच्या कण्यासारखा. ४ पॉवर पुरते. साधी कव्हरस्लिप ठेवलीत तर चिरडेल, खोलगट स्लाईड घ्या. हिवाळ्यात अरबी समुद्रात हिरवा प्रकार येतो. त्याच्या आत राहणाऱ्या शैवालपेशी १० आणि ४० वर हलताना दिसतात. चमक मात्र दिव्याच्या उजेडात दिसणार नाही, ती बरणी अंधारात हलवूनच पाहायची.

खाऱ्या पाण्याचा थेंब स्टेजवर सांडला तर लगेच साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसा. मीठ राहिलं तर क्लिपा महिन्याभरात गंजतात.

स्टेज आपोआप खाली सरकते, फोकस टिकत नाही. (शिक्षक, पेडणे)

कोर्स नॉब आणि खांब यांच्यामध्ये एक कडं असतं. ते थोडं आवळा, स्टेज थांबेल. फार आवळलं तर नॉब जड होऊन दाते झिजतात. कडं नसलेल्या मायक्रोस्कोपात दोन्ही बाजूंचे नॉब हातांनी धरून उलटसुलट दिशेनं पिळले की ताण वाढतो. उपाय करूनही सरकत असेल तर जुनं ग्रीस वाळलं आहे. नव्या ग्रीसऐवजी शिवणयंत्राचं तेल घालू नका, घसरण वाढेल.

पेशीचा आकार मोजायचा आहे, पण स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाईड) नाही. (बारावीची विद्यार्थिनी, केपे)

पारदर्शक प्लास्टिकची पट्टी स्टेजवर ठेव आणि ४ पॉवरला वर्तुळाचा व्यास मोज. १० च्या साध्या आयपीसला तो बहुधा साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. पॉवर वाढली की व्यास त्याच प्रमाणात घटतो: ४.५ ला ४ ने गुण आणि १० ने भाग, १० पॉवरचा व्यास १.८ मिलिमीटर. ४० चा ०.४५, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. आता कांद्याच्या पेशी आडव्या ओळीत व्यासावर किती बसतात ते मोज. १० पॉवरला लांबीच्या दिशेनं सहा बसल्या तर एक पेशी १८०० भागिले ६, म्हणजे ३०० मायक्रोमीटर.

आकडा बरोबर आहे का ते पडताळायला रक्ताची तयार स्लाईड घे. माणसाची तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर असते, म्हणून ४० पॉवरच्या व्यासावर साधारण साठ बसायला हव्यात. चाळीसच बसत असल्या तर पट्टी वाचताना चूक झाली आहे. पट्टीची रेघच ४ पॉवरखाली जाडजूड दिसते, म्हणून एका रेघेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतच मोज.